उन्हाळ्यात गावी राहताना खाणं, झोप आणि व्यायाम कसा सांभाळता?

परतीची_वाट (४ एप्रिल)

नमस्कार मंडळी. अकरा वर्षं पुण्यात नोकरी करून मागच्या दिवाळीत गावी परत आलो. गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात. घरी आई, बाबा, बायको आणि सहा वर्षांचा मुलगा.

मागच्या मे महिन्यात बाबा (वय ६७, बीपीची गोळी चालू) एका लग्नाला गेले होते. दुपारचा मुहूर्त, टिनाच्या शेडखाली पंगत, येताना मोटरसायकलवर वीस किलोमीटर. संध्याकाळी चक्कर, उलट्या, पायात गोळे. दोन सलाईन लागल्या. मी तेव्हा पुण्यात, फोन कानाला लावून बसलेलो. ती संध्याकाळ अजून डोक्यातून जात नाही.

आता एप्रिल लागलाय आणि पारा ४१ वर आहे. बाबा म्हणतात, "सारी जिंदगी याच उन्हात गेली, मले काय होते?" सकाळी आरामात चहा पिऊन वावरात जातात, साडेबाराला येतात. मी पुण्यात सकाळी सातला पाच किलोमीटर चालायचो, इथे सातलाच ऊन डोळ्यांवर येतं.

तुमच्या घरी खाणं, दुपार, व्यायाम हे सगळं नेमकं कसं चालतं? प्रत्यक्ष करता तेच सांगा. बाबांना पटेल असं काहीतरी हवंय.

मोहफूल (४ एप्रिल)

सातू. सकाळी वावरात निघण्याआधी एक वाटी. बाकीचं सावकाश लिहितो.

पऱ्हाटी (४ एप्रिल)

भाऊ, तुमचे बाबा खोटं नाई बोलत. त्याइले ऊन माहीत आहे. पण त्याइच्या जवानीत वावराचा टाइम वेगळा होता. आमचा आजा उन्हायात पाहाटी चारले बंडी जुपे अन् दहाच्या आत बैल सोडे. बैलासाठी सोडे बरं, सोतासाठी नाई. बैल धापा टाकाले लागला की औत थांबलंच. आता वखरणी ट्रॅक्टरनं होते, त्याले ऊन लागत नाई, मंग माणूस बारा-बारा वाजेपर्यंत धुऱ्यावर (वावराच्या बांधावर) उभा राह्यते. बैल गेले अन् आपल्या कामाचं घड्याळ बी गेलं.

बाबाले इतकंच विचारा, तुमचे बैल किती वाजता सुटत?

सपरीवर (५ एप्रिल)

@पऱ्हाटी, काय बरोबर बोललात हो. माझे सासरेही हेच सांगायचे.

खाण्याचं मी सांगते. आमच्याकडे (मूर्तिजापूरजवळ) अक्षय तृतीयेला नवी घागर भरून पूजा होते, चिंचवणी होते, आणि तिथून उन्हाळ्याचं जेवण सुरू झालं असं आम्ही धरतो. खरं तर सुरुवात मार्चमध्येच करावी लागते.

सातू: दोन वाट्या गहू पाण्याने ओलवून, हलके कांडून कोंडा पाखडायचा, वाळवून खमंग भाजायचा. एक वाटी हरभऱ्याची डाळ वेगळी भाजायची. थोडे जिरे, सुंठ, वेलची. सगळं दळून डब्यात. खाताना गुळाच्या पाण्यात किंवा दुधात कालवायचं. चूल पेटवायची नाही, हा त्यातला सगळ्यात मोठा फायदा.

आंबील: ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवायचं. सकाळी पाणी आणि मीठ घालून सतत हलवत शिजवायचं, नाहीतर गुठळ्या होतात. थंड झाली की आणखी ताक, ठेचलेला लसूण, जिरे. पिण्याइतकी पातळ ठेवा. वावरात न्यायची असेल तर सकाळची दुपारपर्यंतच संपवा, शिळी झाली की फसफसते.

दुपारी भाकरी, घोळाची किंवा अंबाडीची भाजी, कच्चा कांदा, कैरीचा तक्कू, ताक. रात्री गोळ्याची कढी आणि भात. तळण, मसाल्याचं मटण, रस्सा हे आम्ही मे महिन्यात जवळजवळ बंदच ठेवतो. आमरस मात्र पोटभर.

सह्याद्रीपार (५ एप्रिल)

मी साताऱ्याचा, सध्या नोकरीसाठी यवतमाळ जिल्ह्यात. इथला पहिलाच उन्हाळा. कलिंगड चालेल का रोज?

वैनगंगाकाठ (५ एप्रिल)

चालेल, पण आधी ते टरबूज आहे हे मान्य करा, मग कापू :)

आमच्या भंडाऱ्याकडे वैनगंगेचं पाणी उतरलं की रेतीत ढिवर समाजाची माणसं टरबूज-काकडीच्या वाड्या लावायची. पहाटे वाडीवर गेलं की रेतीत रात्रभर पडलेलं टरबूज हाताला गार लागायचं. तो गारवा फ्रिजमधल्या फळाला नाही. आता नदीत पाणी अडलंय, वाड्या कमी झाल्या. रोज खा, फक्त कापून उघडं ठेवलेलं गाड्यावरचं घेऊ नका. आणि रसवंतीत बर्फ टाकू देऊ नका. खाण्याचा नसलेला बर्फ निळा करायचा असा नियम आहे, पण ग्लासात पडल्यावर कोण बघतो.

सह्याद्रीपार (५ एप्रिल)

मान्य. टरबूज. दोन फोडी राखून ठेवा, पोहोचतोच.

नाडीवैद्य (६ एप्रिल)

धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाला थोडं शास्त्र. आयुर्वेदात उन्हाळा हा आदानकाळाचा शेवट मानला जातो. सूर्य शरीरातलं बळ ओढून घेतो, भूक मंदावते. म्हणून ग्रीष्मात गोड, थंड, पातळ आणि थोडं स्निग्ध खावं; खारट, आंबट, तिखट कमी करावं. व्यायाम कमी. आणि दुपारची झोप, जी इतर ऋतूंत टाळायला सांगितली आहे, ती निरोगी माणसाला ग्रीष्मात चालते, कारण रात्र लहान असते. बाबांना हे सांगून पाहा. त्यांच्या पिढीला "आराम कर" म्हटलेलं कमीपणाचं वाटतं, शास्त्रात लिहिलंय म्हटलं की ऐकतात.

रात्रपाळी (६ एप्रिल)

मी ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे. वैद्यांचं बहुतेक सगळं पटतं, एका मुद्द्यावर थांबते. "खारट कमी" हे सावलीत बसणाऱ्यासाठी ठीक. जो माणूस चार तास वावरात घाम गाळतो त्याच्या घामातून पाण्याबरोबर मीठही जातं. नुसतं साधं पाणी घटाघटा पीत राहिला तर पायात गोळे येतात, मळमळतं. धागाकर्त्याच्या बाबांना आलेले गोळे बहुधा हेच.

म्हणजे घरी बसणाऱ्या बीपीच्या माणसाने जास्तीचं मीठ अजिबात घेऊ नये, लोणचं-पापडातून भरपूर जातं. घाम गाळणाऱ्याने मात्र मिठाचं ताक, आंबील किंवा जीवनजल घ्यावं. जीवनजल घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. अंदाजाने मूठभर मीठ टाकू नका.

बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. उन्हाळ्यात त्यांचा डोस बदलावा लागू शकतो. स्वतःच्या मनाने बंद करू नका, एप्रिलमध्येच डॉक्टरांना एकदा दाखवून या.

आणि हे घरात सगळ्यांना पाठ असू द्या: उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग तव्यासारखं तापलं, तर तो उष्माघात. घाम आटलेला असेलच असं नाही, काम करताना ऊन लागलेल्याला घाम असतोही. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, सगळ्या अंगावर पाणी ओता आणि पंख्याने, सुपाने, जे मिळेल त्याने वारा घाला. काख, मान, जांघेत ओले गार फडके. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही, हा ताप वेगळा.

नाडीवैद्य (६ एप्रिल)

@रात्रपाळी, मान्य. कष्ट करणाऱ्याचा भेद मी करायला हवा होता. ताकात जिरे आणि मीठ घालायची घरोघरची रीत तुमच्याच बाजूने बोलते.

खारपाण (७ एप्रिल)

मी दर्यापूरच्याच बाजूचा. वरच्या चर्चेत आमच्या पाण्याचा विषय राहिला. पूर्णेच्या दोन्ही अंगांना जमिनीतलं पाणी खारं. बोअरचं पाणी तोंडात घेतलं की कळतं. काही जुनी माणसं म्हणतात, "घामातून मीठ जाते ना, मंग हेच प्या." हा गैरसमज आहे, कृपया कोणी करू नका. त्या पाण्याने तहान भागत नाही, माणूस एक ग्लास पिऊन थांबतो. नळ चार-पाच दिवसांनी येतो तेव्हा पिण्याचं गोडं पाणी वेगळ्या रांजणात भरून ठेवा, ते भांडी-कपड्यांना वापरू देऊ नका. रांजण सावलीत, वारा लागेल असा, भोवती ओलं गोणपाट. आमच्याकडची हवा कोरडी, म्हणून माठ इतकं गार करतो. कोकणातल्या माणसाला हे खरं वाटत नाही.

कांदा_खिशात (७ एप्रिल)

खिशात कांदा ठेवा, ऊन लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

रात्रपाळी (७ एप्रिल)

कांदा जेवणात जरूर खा. खिशात ठेवल्याने ऊन थांबत नाही. माझी काळजी एवढीच की कांदा आहे म्हणून माणूस दुपारी बिनधास्त निघतो. डोक्याला ओला शेला बांधा, तो खरंच काम करतो.

मोहफूल (८ एप्रिल)

सावकाश लिहितो म्हणालो होतो. आम्ही गडचिरोली जिल्ह्यातले, कुरखेड्याकडचे. आमचा उन्हाळा जंगलात जातो. मार्च-एप्रिलमध्ये मोह. फुलं रात्री गळतात, पहाटे वेचायची, ऊन वर आलं की घरी. मे महिन्यात तेंदूपत्ता. पहाटे चारला निघायचं, अंधारात चालत जायचं, नऊ-दहाला पानांचा भारा घेऊन परत. मग घरच्या मांडवाखाली बसून सत्तर पानांचं एकेक पुडकं बांधायचं. दुपार पूर्ण सावलीतली. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या ठिकाणी, पुडकी मोजून द्यायला.

म्हणजे कष्ट कमी नाहीत. कष्टाची जागा ठरलेली आहे: पायांचं काम अंधारात, हातांचं काम सावलीत. सोबत जंगलात टेंभरं (तेंदूची फळं) आणि चारं (चारोळीची फळं) खायला मिळतात. मुलं दिवसभर तेच खातात.

मांडवाचं महत्त्व लोकांना कळत नाही. चार खांब, वर बांबू, त्यावर जांभळीच्या फांद्या. स्लॅबच्या घरात राहणारेसुद्धा दुपारी त्याखाली येऊन पडतात.

वर्धेकर (८ एप्रिल)

घराचा विषय निघाला म्हणून. मे महिन्यात दुपारी सेवाग्रामला बापू कुटीत जाऊन बसा. माती, बांबू, कवेलू (छपराची कौलं), बाहेर रुंद पडवी. पंखा नसतानाही बसवतं. आमच्या गावात मात्र दहा वर्षांत सगळ्या घरांवर टिन आलं. टिन तापलं की खालचा माणूस भाजून निघतो, आणि रात्रीही खोली निवत नाही. पैसे नसतील तर टिनावर पऱ्हाटीच्या (कापसाच्या काड्यांच्या) पेंढ्या किंवा तणस (धानाचा पेंढा) पसरून वर जुनी जाळी बांधा, चुलीपासून लांबच्या बाजूला. गच्ची असेल तर चुना मारा.

कूलरमध्ये वाळ्याच्या ताट्या लावा, वास आणि गारवा दोन्ही. एक खिडकी उघडी हवीच, बंद खोलीत कूलर नुसती चिकचिक करतो. टाकीतलं पाणी आठवड्याला उपसून कोरडं करा, डेंग्यूचे डास तिथेच होतात. आणि चालू कूलरला ओल्या हाताने शिवू नका. आमच्या शेजारच्या गावात त्यापायी एक तरुण मुलगी गेली.

चुलीमागची (९ एप्रिल)

सगळं वाचलं. वाईट वाटून घेऊ नका, पण इथे बाबांच्या दुपारचं, तेंदूपत्त्याचं, बैलांचं सुद्धा बोलून झालं. स्वयंपाकघराचं कोणीच बोललं नाही.

उन्हाळा म्हणजे आमच्याकडे कुरड्या, पापड, सरगुंडे, सांडगे. गव्हाचा चीक शिजवायला दोन तास चुलीपुढे, मग गच्चीवर कुरड्या घालायला भर उन्हात. घरात पाहुणे, लग्नाचा बस्ता, मुलांच्या सुट्ट्या. पुरुष दुपारी बाजेवर पडले की बाई भांडी घासते. चार वाजता पुन्हा चहा. गारव्यात झोपायला ती कधी जाते ते सांगा.

आणि पाण्याचं. मी रोजंदारीने जाणाऱ्या बायांबरोबर निंदणाला, वेचणीला गेले आहे. बाया मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण वावरात आडोसा नसतो. सकाळी सातपासून दुपारपर्यंत दोन घोट. मग लघवीची जळजळ, डोकेदुखी, आणि तेही कोणाला सांगत नाहीत. सातू-आंबील सगळं ठीक, पण ज्याचं वावर आहे त्याने चार ताट्यांचा एक आडोसा उभा केला तर बाया पाणी पितील.

@परतीची_वाट, तुमच्या आईचं काय चाललंय, ते एकदा बघा.

सपरीवर (९ एप्रिल)

@चुलीमागची, डोळ्यांत पाणी आलं वाचून. आम्ही तीन जावांनी दोन वर्षांपासून एक केलंय. चीक पहाटे चारला शिजवायला घेतो, सातच्या आत कुरड्या घालून मोकळ्या. आणि दोन ते चार चूल-गॅस बंद, पाहुणा आला तरी माठातलं पाणी आणि पन्हं. पहिल्या वर्षी कुरकुर झाली, आता कोणी चहा मागत नाही.

भरती_२४ (१० एप्रिल)

मी पोलीस भरतीची तयारी करतोय, १६०० मीटर धावायचं असतं. सकाळी सहाला ग्राऊंडवर आलो की सातपर्यंत जीव जातो. दम लवकर लागतो, टायमिंग घसरलं. उन्हाळ्यात धावणं बंद करू का?

रात्रपाळी (१० एप्रिल)

बंद नको. साडेचार-पाचला सुरू करा, सहाच्या आत संपवा. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात, तेवढे दिवस वेग आणि अंतर कमी ठेवा, मग हळूहळू वाढवा. टायमिंगची चिंता जूनमध्ये करा. रात्री झोप झाली नसेल, पोट बिघडलं असेल किंवा ताप असेल त्या दिवशी धावायचं नाही. धावताना थंडी वाजल्यासारखं, अंगावर काटा आल्यासारखं झालं तर तिथेच बसा.

हाच नियम पुण्या-मुंबईहून मे महिन्यात थेट गावी येणाऱ्यांना. पहिल्या आठवड्यात दुपारी उन्हात भटकू नका, शरीर तयार नसतं.

नाडीवैद्य (१० एप्रिल)

वयस्कांसाठी: पहाटे अंगणात सावकाश हातपाय मोकळे करणं, सहा-आठ संथ सूर्यनमस्कार झेपत असतील तर, आणि शीतली प्राणायाम. जीभ पन्हाळीसारखी वळवून श्वास आत, तोंड मिटून नाकाने बाहेर. बोलता बोलता धाप लागली की थांबायचं.

पऱ्हाटी (१० एप्रिल)

आमचा व्यायाम विहिरीत होता. पोट्टे दुपारभर पोहत. आता पोहता येत नसलेले बी उड्या मारतेत, मोबाईल घेऊन. दोर अन् ट्यूब असल्याशिवाय पोरायले जाऊ देऊ नका, अन् एक तरी पोहणारा मोठा माणूस काठावर पायजे.

परतीची_वाट (२८ मे)

मंडळी, नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) सुरू आहे, काल पारा ४६ वर होता. उत्तर द्यायला उशीर झाला.

एप्रिलमध्ये बाबांना @पऱ्हाटी यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. बैल किती वाजता सुटत, असं विचारलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साडेनवाले. पांढऱ्याच्या तोंडाले फेस आला की बुढा मले शिव्या दे." पांढऱ्या म्हणजे त्यांच्या जोडीतला उजवा बैल. मग अर्धा तास त्याच्याच गोष्टी. मी तर त्या कधी ऐकल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी ते पाचला उठून निघाले. तेव्हापासून पाच ते साडेनऊ वावर, मग घरी. ट्रॅक्टरवाल्यालाही पहाटेच बोलावतात. डॉक्टरांनी त्यांची एक गोळी बदलली. जीवनजलाचं पाकीट त्यांना "दवाखान्याचं" वाटतं, आंबील मात्र मागून घेतात. डॉक्टरांना विचारून मिठाचं प्रमाण ठरवलं, वावरात गेलेल्या दिवशी मीठ घातलेली, घरी असतील तेव्हा जवळजवळ अळणी. दुपारी निंबाखाली बाज टाकली आहे. आधी नुसते पडून राहायचे, आता नातू शेजारी झोपतो म्हणून हलत नाहीत.

मी चालायला पाचला बाबांबरोबर वावरापर्यंत जातो, जाऊन-येऊन साडेतीन किलोमीटर. रात्री जेवणानंतर पारापर्यंत एक चक्कर. वजन पुण्यातलंच आहे, झोप मात्र सुधारली.

@चुलीमागची, तुमचं वाचून आईला विचारलं. ती म्हणाली, "मले काय झालं?" बाबांचंच वाक्य. बायकोने आणि मी दोन ते चार चूल बंद ठेवायचं ठरवलं, संध्याकाळची भांडी माझ्याकडे घेतली. आई पहिले आठ दिवस दुपारी नुसती बसून राहायची, काय करावं कळेना. आता झोपते. वावरात धुऱ्याजवळ तुराट्यांच्या ताट्या लावून आडोसा केला, त्यातच पाण्याची घागर ठेवली. कामाला येणाऱ्या बायांनी पहिल्याच दिवशी घागर दहाच्या आत रिकामी केली.

परवा एक लग्न आहे, पुन्हा दुपारचंच. बाबा म्हणाले, आपण आदल्या रात्री हळदीले जाऊन येऊ, आहेर तेव्हाच देऊ.

चुलीमागची (२८ मे)

दुसरी घागर ठेवा.

परतीची_वाट (२८ मे)

ठेवली आहे ताई. दोन्ही भरतात आणि दोन्ही संपतात.

सह्याद्रीपार (२९ मे)

@सपरीवर, सातू करून पाहिला. कोंडा नीट पाखडला नाही वाटतं, घशात टोचतो. गहू किती वेळ ओला ठेवायचा?

सपरीवर (२९ मे)

पाण्याचा हबका मारून अर्धा तास झाकून ठेवा, भिजत घालू नका. मग उखळात किंवा मिक्सरला दोनदाच फिरवा, साल सुटते. सुपाने पाखडा, सकाळी वारा असेल तेव्हा अंगणात.